वाचकांचे प्रश्न : उंदराच्या प्लीहेपासून रबाळ्याच्या टाकीपर्यंत

मागच्या अंकात मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या औषधांवर लिहिलं (अँटिबॉडी म्हणजे शरीराला परक्या गोष्टी पकडणारं प्रथिन, मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली, सगळी एकसारखी) आणि संपादकांनी खाली ‘शंका असल्यास लेखिकेला विचारा’ असं परस्पर छापून टाकलं. पत्रं भरपूर आली, बहुतेक ठाणे-नवी मुंबईतूनच. एक आधीच सांगते. माझ्या नावामागचं ‘डॉ.’ पीएचडीचं आहे. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीला हे अजून पटलेलं नाही. रात्री कुणाचं पोट दुखलं की बेल माझीच वाजते. तेव्हा कुठलं औषध घ्यायचं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते औषध बनतं कसं आणि ते बनवण्यात माणसाचं आयुष्य कसं जातं, हे मात्र मला विचारायला हरकत नाही. ठाण्याहून टीटीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या, औद्योगिक पट्ट्यात रोज ये-जा करत मी तेच केलं.

मुलगी ठाण्यात बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इम्युनॉलॉजीत जाऊन अँटिबॉडीची औषधं शोधायची आहेत. नातेवाईक म्हणतात बायोटेकमध्ये नोकऱ्याच नाहीत. पीएचडी करू द्यावी का? तुम्ही या क्षेत्रात कशा आलात? – एक आई, कळवा

ताई, अँटिबॉडी शोधणं हे या कामातलं सगळ्यात छोटं प्रकरण आहे, हे मुलीला आत्ताच सांगून टाका. ते ऐकूनही तिचा उत्साह टिकला तर पुढचं वाचायला द्या.

मी परळच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला लागले तेव्हा शोधणं म्हणजे हायब्रिडोमा. उंदराला अँटिजेन, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी हवी तो पदार्थ, टोचायचं, काही आठवड्यांनी त्याची प्लीहा काढायची आणि तिच्यातल्या बी पेशींचा मायलोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्या, पेशींशी संयोग घडवायचा. बी पेशीला अँटिबॉडी बनवता येते, पण शरीराबाहेर ती फार दिवस तगत नाही. मायलोमा पेशी मरता मरत नाही, पण आपल्या कामाचं काही बनवत नाही. दोघी एक झाल्या की हवी ती अँटिबॉडी हवी तितके दिवस मिळते. जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी केंब्रिजमध्ये हे १९७५ साली करून दाखवलं आणि १९८४ साली नील्स येर्ने यांच्याबरोबर नोबेल मिळवलं.

कागदावर हे पानभरात संपतं. टेबलावर काय होतं ते सांगते. पेशींचा गोळा नळीच्या तळाशी बसलेला असतो. त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल थेंबाथेंबाने सोडायचं आणि नळी हातात हलकेच फिरवत राहायची. जास्त वेळ राहिलं तर पेशी मरतात, कमी पडलं तर जुळत नाहीत. मग सगळं ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटांमध्ये वाटून द्यायचं आणि दहाबारा दिवस इन्क्युबेटरला हात जोडून बसायचं. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेल बघायची. बहुतेक ठिकाणी मेलेल्या पेशींचा काळपट चुरा दिसतो. एखाद्या वेलच्या कडेला गोल, चमकणाऱ्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींचा पुंजका असतो. तो दिसला की मान दुखायची थांबते. पण तिथेही खात्री नाही, कारण पुंजका एकाच पेशीपासून आलाय की दोन, हे माहीत नसतं. म्हणून पुन्हा पातळ करायचं, वेलमागे एक पेशी येईल इतकं, आणि पुन्हा वाट बघायची. ‘मोनोक्लोनल’ म्हणवून घेण्यासाठी एवढा खटाटोप.

आणि इतकं करून हाती लागते उंदराची अँटिबॉडी. तशी पहिली औषधी अँटिबॉडी, मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठीची मुरोमोनॅब, अमेरिकेत १९८६ मध्ये मंजूर झाली. पण माणसाचं शरीर उंदराचं प्रथिन ओळखून त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवतं आणि औषध निकामी होतं. त्याच वर्षी केंब्रिजमध्येच ग्रेग विंटर यांनी उंदराच्या अँटिबॉडीचं फक्त पकड घेणारं टोक उचलून माणसाच्या अँटिबॉडीवर बसवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. पुढे फाज डिस्प्ले, म्हणजे विषाणूंच्या अंगावर अँटिबॉडीचे तुकडे मांडून निवडण्याची पद्धत, आलं, माणसाचे जनुक घातलेले उंदीर आले. आज शोधण्याचं काम माझ्या काळाच्या मानाने पटकन होतं. म्हणूनच म्हटलं, ते छोटं प्रकरण.

मोठं प्रकरण कंपनीत सुरू होतं. तिथे रोज उठून एकच प्रश्न असतो : आजचं औषध कालच्यासारखंच आहे ना?

उदाहरण देते. अँटिबॉडीचे जनुक सीएचओ पेशींत घालतात. चायनीज हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयापासून थिओडोर पक यांनी १९५७ साली वेगळ्या केलेल्या या पेशी, आणि आज बहुतेक अँटिबॉडी-औषधं यांच्याकडूनच करून घेतात. जनुक घातल्यावर शेकडो क्लोन, म्हणजे एकेका पेशीचे वंश, मिळतात, त्यातला एक निवडायचा. आमच्याकडे एक क्लोन बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट अँटिबॉडी देत होता. वरच्या मजल्यावर त्याच्या आलेखाचं कौतुक चाललं होतं. मी म्हटलं, आधी साठेक पिढ्या चालवून बघू. पेशी दिवसाला साधारण एकदा दुप्पट होते, म्हणजे दोनेक महिने नुसते त्यातच जाणार. कुरबुर झाली, पण वेळ मिळाला. चाळिशीच्या आसपासच्या पिढीत क्लोन ढेपाळायला लागला. जनुकाच्या प्रती गळत होत्या. त्याहून वाईट म्हणजे अँटिबॉडीवर ज्या शर्करेच्या साखळ्या बसतात, त्यांचं प्रमाण सरकत होतं. या साखळ्या शोभेच्या नसतात. त्यातली फ्यूकोज नावाची एक शर्करा कमी झाली की अँटिबॉडी नॅचरल किलर पेशींना, म्हणजे शरीरातल्या मारेकरी पेशींना, जास्त जोराने बोलावते, वाढली की कमी जोराने. प्रथिन तेच, पण रुग्णाच्या शरीरातलं वागणं वेगळं.

मी तो क्लोन बाद केला आणि उत्पादनात बराच मागे असलेला, पण शेवटच्या पिढीपर्यंत तसाच राहिलेला क्लोन घेतला. मीटिंगमध्ये ‘मॅडमना प्रोजेक्ट पुढे जायला नकोच आहे’ असं माझ्या तोंडावर बोललं गेलं. असो. त्या दुसऱ्या क्लोनच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, दोन वेगळ्या गावांत ठेवल्या गेल्या. दोन गावांत, कारण एकीकडे आग लागली किंवा पाणी शिरलं तरी पेशींची ही बॅंक राहिली पाहिजे. ती बुडाली तर औषधच बुडालं.

पाण्यावरून आठवलं. २६ जुलै २००५ ला आमचा बायोरिॲक्टर, म्हणजे पेशी वाढवायची टाकी, ऐन मध्यावर होता. एक बॅच दोनेक आठवडे चालते आणि त्या काळात पेशींना खाणं, प्राणवायू, पीएच, सगळं वेळच्या वेळी लागतं. मशीन बंद करून घरी जाता येत नाही. विटाव्याच्या पुलाखाली पाणी तुंबलेलं, लोकल बंद, रात्रपाळी येणार कशी? सकाळपाळीवाल्यांनीच रात्र काढली. कॅंटीनमधला शेवटचा पाव वाटून खाल्ला आणि तासातासाला रीडिंग लिहिली. फोन लागत नव्हते. घरच्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. बॅच वाचली. ताई, हे घाबरवायला सांगत नाहीये. पण या क्षेत्रात शिफ्ट असते, रविवारी पेशी बघायला जावं लागतं आणि गणपतीतही सुट्टी मिळेलच असं नाही, हे लग्नाच्या बोलण्यांआधी घरात माहीत असलेलं बरं.

आता पीएचडीचं. नवी अँटिबॉडी शोधणं, ती कशावर मारा करणार ते ठरवणं, यासाठी पीएचडी हवीच. क्यूसी (गुणवत्ता तपासणी), प्रॉडक्शन, शुद्धीकरण, रेग्युलेटरी (सरकारी मंजुरीचं काम), इथे एम.एस्सी. पुरते आणि नोकऱ्या इथेच जास्त आहेत. ‘नोकऱ्या नाहीत’ म्हणणाऱ्यांनी बहुधा फक्त संशोधनाचं दार ठोठावलेलं असतं. एम.एस्सी.साठी जीएटी-बी ही परीक्षा द्यायला लावा, त्यावर डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो. पुढे पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची बीईटी. लांब जायची गरज नाही : खारघरचं ॲक्ट्रेक, टाटा मेमोरिअलचं कर्करोग संशोधन केंद्र, आहे, पुण्याला नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे. दिल्लीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी तर नावातच आली.

आणि एक. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा मार्कशीट नंतर बघायचे. आधी उमेदवाराला तराजूशी उभं करून १०० मायक्रोलिटर पाणी पुन्हापुन्हा पिपेटने, म्हणजे मोजून द्रव सोडायच्या नळीने, टाकायला लावायचे. प्रत्येक वेळी १०० मिलिग्रॅमच्या जवळ यायला हवं. सुवर्णपदकवाले ९० आणि ११२ च्या मध्ये झोके घेताना पाहिलेत. मुलीला कॉलेजच्या लॅबमध्ये आजपासून हे करू दे, फुकट आहे.

माझ्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रॅस्टुझुमॅब सांगितलं आहे. डॉक्टर म्हणतात बायोसिमिलर घ्या, स्वस्त पडेल. भाऊजींना वाटतं ते दुय्यम असणार. तुम्ही स्वतः ते बनवलंय, खरं सांगा. – एक वाचक, वाशी

भाऊजींची शंका रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा.

साध्या गोळीची नक्कल करणं सोपं असतं. ॲस्पिरिनचा रेणू १८० डाल्टनचा (रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात). कुठेही बनवा, तो तोच. ट्रॅस्टुझुमॅबसारखी अँटिबॉडी सुमारे १,५०,००० डाल्टनची आणि ती जिवंत पेशीने बनवलेली. दोन कारखान्यांत अगदी शंभर टक्के एकसारखी होणं शक्य नाही, म्हणून तिच्या नकलेला ‘जेनेरिक’ म्हणत नाहीत, ‘बायोसिमिलर’, म्हणजे मूळ जैविक औषधासारखं, म्हणतात. पण भाऊजींना ठाऊक नसेल अशी गोष्ट म्हणजे मूळ कंपनीच्याही दोन बॅचेस शंभर टक्के एकसारख्या नसतात. मूळ औषधाचे वेगवेगळ्या बॅचेसचे खोके विकत आणायचे, प्रत्येकाची चिरफाड करायची आणि ते स्वतःच किती हलतं त्याचा पट्टा आखायचा, हे आमचं पहिलं काम असे. आपलं औषध त्या पट्ट्याच्या आत बसवायचं. शर्करेच्या साखळ्या, एकमेकांना चिकटलेले रेणू, विद्युतभाराचं प्रमाण, एचईआर२ या कर्करोगाच्या पेशीवरच्या प्रथिनावरची पकड, पेशी मारण्याची ताकद, हे सगळं शेजारीशेजारी मांडायचं. मग प्राणी, मग रुग्णांवर तुलनात्मक चाचणी. भारतात यासाठी २०१२ साली मार्गदर्शक नियम आले आणि २०१६ मध्ये ते आणखी कडक झाले.

यात आपण नवखे नाही. हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने रितुक्सिमॅब या रक्ताच्या कर्करोगावरच्या अँटिबॉडीची आवृत्ती २००७ मध्ये आणली, तेव्हा युरोप-अमेरिकेत अँटिबॉडीचं बायोसिमिलर नव्हतंच. बेंगळुरूच्या बायोकॉनचं ट्रॅस्टुझुमॅब इथे २०१४ च्या सुरुवातीला बाजारात आलं.

बहिणीसाठी तीन कामं करा. एचईआर२ चा रिपोर्ट स्वतः वाचा : गाठीच्या तुकड्यावरच्या तपासण्यांपैकी आयएचसीमध्ये ३+ किंवा फिश पॉझिटिव्ह असेल तरच हे औषध उपयोगी. हृदयाची इको मधूनमधून करायची असते, ती चुकवू नका. आणि प्रत्येक डोसला ब्रॅंडचं नाव व बॅच नंबर वहीत उतरवून ठेवा, खोक्यावरचं स्टिकर चिकटवलं तरी चालेल. काही त्रास झालाच तर आमच्यासारख्यांना शोध घ्यायला तो नंबरच लागतो.

अँटिबॉडीची इंजेक्शनं फ्रीजमध्येच का ठेवायची? आमच्या मेडिकलवाल्याने बर्फावर आणून दिली, मी ती सुरक्षित राहावीत म्हणून फ्रीझरमध्ये टाकली. – घणसोली

दादा, ती वापरू नका. दुकानदाराला आणि डॉक्टरांना आजच फोन करा. ती २ ते ८ अंशांवर ठेवायची असतात, म्हणजे फ्रीजचा मधला कप्पा, फ्रीझर नव्हे आणि दारातली जागाही नव्हे. गोठताना प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर वरून बघून काही कळत नाही. जोरजोरात हलवल्यानेही तेच होतं. चिकटलेले रेणू शरीराला परके वाटू शकतात, मग शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवतं. कारखान्यात भरलेली प्रत्येक कुपी काळ्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर धरून कण दिसतोय का बघतात. हे काम करणाऱ्यांचे डोळे नियमित तपासले जातात आणि ठरावीक वेळाने त्यांना विश्रांती देतात. एवढं करून बाहेर पडलेली कुपी आपण मटारच्या पिशवीशेजारी ठेवायची?

मला ॲंकिलोसिंग स्पॉंडिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात) आहे. अ‍ॅडालिमुमॅब सुरू करायचं ठरलं, पण आधी टीबीची तपासणी करायला लावली. मला खोकलासुद्धा नाही. हे बिल वाढवणं आहे का? – एक तरुण, नेरूळ

नाही. आणि या तपासणीवरून डॉक्टरांशी भांडू नकोस, उलट त्यांना धन्यवाद दे.

टीबीचे जंतू अनेक भारतीयांच्या शरीरात आयुष्यभर झोपून असतात. रोगप्रतिकारक पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. हे कडं टिकवून ठेवणाऱ्या रेणूंपैकी एक महत्त्वाचा म्हणजे टीएनएफ. तुझ्या पाठीच्या कण्यात आग लावणारा रेणूही तोच, आणि अ‍ॅडालिमुमॅब नेमकं त्यालाच पकडतं. कण्याला आराम पडतो, पण कड्यावरचा पहाराही ढिला होतो. याच जातीच्या इन्फ्लिक्सिमॅबबद्दल २००१ साली ७० रुग्णांत टीबी उफाळल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि अनेकांच्या बाबतीत तो फुफ्फुसाबाहेर होता. म्हणून खोकला नसणं हा पुरावा होत नाही. छातीचा एक्स-रे आणि त्वचेवरची मॅंटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी करतात. झोपलेला टीबी निघाला तर आधी त्याचं औषध काही आठवडे देतात, मग हे सुरू करतात. सुरू झाल्यावरही लांबलेला ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यांकडे दुर्लक्ष नको.

भटका कुत्रा मुलाच्या पिंढरीला चावला. दवाखान्यात दंडावर लस दिली आणि शिवाय जखमेतच एक इंजेक्शन टोचलं. पोरगं कळवळलं. जखमेत टोचायची काय गरज होती? – कोपरखैरणे

त्या दवाखान्यातल्या माणसाने आपलं काम नीट केलं. रेबीजची लस शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते, पण त्याला आठवडाभर तरी लागतो. विषाणू मात्र जखमेतून मज्जातंतूत शिरायच्या बेतात असतो. या मधल्या काळासाठी तयार अँटिबॉडी द्यायची, आणि ती जिथे विषाणू आहे तिथेच, म्हणजे जखमेच्या आत आणि सभोवती. दंडावर देऊन ती वेळेत तिथे पुरेशी पोचत नाही.

पूर्वी ही अँटिबॉडी घोड्याच्या रक्तातून किंवा माणसांच्या रक्तातून यायची. घोड्याची स्वस्त पण रिॲक्शनची धास्ती. माणसाची महाग आणि कायम तुटवड्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्सबरोबर बनवलेली रेबीजची मोनोक्लोनल अँटिबॉडी भारतात २०१६ मध्ये मंजूर झाली. २०१९ मध्ये झायडसची दोन अँटिबॉडी एकत्र असलेली आली. दोन अशासाठी की विषाणूने एकीची जागा बदलली तरी दुसरी पकडेल. माणसाच्या रक्तातली २० आययू (औषधाची ताकद मोजायचं एकक) प्रतिकिलो लागते, घोड्याची ४०, सीरमची ३.३३ पुरते. शिवाय रक्तातून काढलेल्या द्रावणात शेकडो प्रकारच्या अँटिबॉडी असतात, रेबीजच्या त्यातल्या थोड्याच. इथे प्रत्येक रेणू रेबीजचाच. आमच्या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं औषध कुठलं विचाराल तर हे. कर्करोगाच्या अँटिबॉडीवर परिषदा भरतात, हे कोपरखैरण्याच्या पोराच्या पिंढरीत जातं.

उरलेले लसीचे डोस तारखेला द्या. आणि पुढच्या वेळेसाठी, ती न येवो : चावल्याबरोबर साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही.

अँटिबॉडीचं औषध शाकाहारी आहे का? सासूबाईंना विचारायचं आहे, त्या जैन आहेत. – ठाणे (प.)

पेशी मूळच्या प्राण्याच्या आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्या १९५७ पासून प्राण्याच्या शरीराबाहेर, प्रयोगशाळेतच वाढताहेत. तुमच्या कुपीसाठी नवा हॅमस्टर मारला जात नाही. पूर्वी पेशींना वासराच्या रक्ताचं सीरम खायला घालत, आता बहुतेक ठिकाणी प्राणिजन्य काही नसलेलं माध्यम वापरतात. मंजुरीपूर्वी प्राण्यांवर चाचण्या मात्र होतात. पुढचं सासूबाईंनी ठरवायचं.

मी एम.एस्सी.ला आहे. अँटिबॉडी इतक्या नेमक्या असतात तर धोका कुठे असतो? सर म्हणतात, २००६ ची लंडनची केस वाच. – एक विद्यार्थी, खारघर

सरांना माझा नमस्कार सांग. टीजीएन१४१२ या अँटिबॉडीच्या केसशिवाय इम्युनॉलॉजीचा अभ्यास पुरा होत नाही.

मार्च २००६. नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना ही अँटिबॉडी दिली. ती टी पेशीवरच्या (टी पेशी म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) सीडी२८ या प्रथिनाला धरून पेशीला चेतवणारी होती. माकडांमध्ये निर्धोक ठरलेल्या डोसचा ५०० वा भाग, म्हणजे किलोमागे ०.१ मिलिग्रॅम दिला. एकामागून एक, काही मिनिटांच्या अंतराने. दीड तासाच्या आत सगळ्यांना थंडी, उलट्या, डोकेदुखी. रात्रीपर्यंत अवयव निकामी व्हायला लागले. सहाही जण वाचले, पण एकाची हातापायांची बोटं गेली.

नेम चुकला नव्हता, अँटिबॉडी बरोबर जागीच बसली होती. ज्या माकडांवर तपासलं त्यांच्या अनुभवी टी पेशींवर सीडी२८ नसतं, माणसाच्या असतं. म्हणजे माकडात ज्यांना हाक ऐकूच गेली नाही, त्या पेशी माणसात एकदम उठल्या आणि सायटोकाइनचा, म्हणजे दाह भडकवणाऱ्या संदेश-रेणूंचा, पूर आला. नेमकेपणा एक, आणि नेम बसल्यावर काय होतं ते दुसरं. मारणारी अँटिबॉडी, अडवणारी अँटिबॉडी आणि चेतवणारी अँटिबॉडी, यातली तिसरी बघितली की मी आजही खुर्चीत सावरून बसते.

त्यानंतर नियम बदलले. अशा जोखमीच्या औषधांचा पहिला डोस आता नुसत्या ‘प्राण्याला किती सोसलं’ यावरून नव्हे, तर ‘माणसाच्या पेशीत कमीत कमी किती डोसने काही हालचाल होते’ यावरून ठरवतात. आणि पहिल्या माणसाला देऊन थांबतात. तेव्हा सहा जणांना रांगेत डोस देण्याची घाई कुणाला होती, हा प्रश्न मी माझ्या टीमला विचारायचे. उत्तरं फार बोलकी यायची.

तू खारघरचाच आहेस तर नेक्सकार१९ बद्दलही वाच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअलने मिळून केलेली सीएआर-टी, म्हणजे रुग्णाच्याच बदललेल्या टी पेशींचा कर्करोगावरचा उपचार, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. रुग्णाच्या टी पेशीला कर्करोग ओळखायला शिकवणारं जे टोक तिच्यावर बसवतात, तो अँटिबॉडीचाच तुकडा, तोही मानवीकरण केलेला. विंटरनी १९८६ मध्ये जे केलं ते तुझ्या घराजवळ पोचलंय.

अँटिबॉडीची औषधं इतकी महाग का? कुणीतरी भरमसाट नफा काढत असणार. – निवृत्त बॅंक अधिकारी, ऐरोली

काका, काढतात. पण सगळा आकडा नफ्याचा नाही. कर्करोगाची अँटिबॉडी एका वेळी काहीशे मिलिग्रॅम लागते, आणि वर्षभर. रिॲक्टरमधून निघालेलं पाणी अँटिबॉडी धरून ठेवणाऱ्या प्रोटीन ए च्या कॉलममधून जातं, त्यात भरलेल्या रेझिनची किंमत डोळे पांढरे करते. मग विषाणू मरावेत म्हणून आम्लात तासभर, मग २० नॅनोमीटरच्या छिद्रांचा फिल्टर. प्रत्येक पायरीला थोडं औषध वाया जातं. त्यावर चाचण्या आणि त्यावर पेटंट. गंमत म्हणजे कोलर-मिलस्टाइनच्या मूळ पद्धतीचं पेटंट कुणी घेतलंच नाही. बाकीच्यांनी पुढे ती कसर भरून काढली. पेटंट संपून दोनतीन बायोसिमिलर आली की किंमत हलते, हे मी रितुक्सिमॅबमध्ये आणि ट्रॅस्टुझुमॅबमध्ये पाहिलं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क काढलं, त्यातली ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकान आणि ड्युरव्हालुमॅब ही आमच्या कुळातली. पण शुल्क काढून आयात औषध सामान्यांच्या आवाक्यात येतं असं मला वाटत नाही. इथे बनलं तरच येतं.

अँटिबॉडी वाढवायला कुठला काढा घ्यावा? – बरेच जण

काढा घसा शेकायला चांगला आहे, जरूर घ्या. अँटिबॉडी हवी असेल तर धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी घेतला होता ते आठवून बघा. दहा वर्षं उलटली असतील तर जवळच्या दवाखान्यात टीडीची लस विचारा.